न लिहिलेला अर्ज

स्वातंत्र्यलढ्यातला तुरुंग म्हटला की डोळ्यांसमोर बेड्या येतात, चक्की येते, फटके येतात. ते सगळे खरेच होते आणि हजारो अनाम माणसांनी ते सोसले. पण त्यागाचा एक निराळा प्रकार मला अधिक थक्क करतो. तो घडला नगरच्या भुईकोट किल्ल्यात, १९४२ ते १९४५ या काळात. तिथे ठेवलेल्या बारा माणसांना बेड्या नव्हत्या. वाचायला पुस्तके होती, फुलझाडे लावायला अंगण होते. नव्हती ती सुटकेची तारीख. आणि घरून वाईट बातमी आली, तर सरकारकडे एक अर्ज करता येत होता. कागदावरच्या चार ओळी. त्या लिहायच्या की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे होते.

८ ऑगस्ट १९४२च्या रात्री मुंबईत गवालिया टँक मैदानावर ‘चले जाव’चा ठराव मंजूर झाला आणि उजाडायच्या आत पोलीस दारात उभे राहिले. व्हिक्टोरिया टर्मिनसवरून एक खास गाडी सोडण्यात आली. गांधीजी, सरोजिनी नायडू, महादेवभाई देसाई यांना चिंचवडला उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसकडे नेले. गाडी पुणे स्टेशनात आली, तेव्हा जमलेल्या लोकांवर पोलीस लाठ्या चालवत आहेत हे पाहून जवाहरलाल नेहरूंनी डब्याच्या खिडकीतून फलाटावर उडी टाकली. त्यांना आवरून पुन्हा आत बसवावे लागले. मग गाडी नगरला पोचली.

किल्ला निजामशाहीतला. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये मोगलांच्या वेढ्याविरुद्ध तो लढवला आणि ऑगस्ट १८०३ मध्ये इंग्रजांनी शिंद्यांकडून तो घेतला. त्याच्या खंदकाआड काँग्रेस कार्यकारिणीतले जे बारा जण एकत्र आले, त्यांची नावे नुसती वाचली तरी एखाद्या विद्यापीठाची आठवण व्हावी. अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद. नेहरू आणि वल्लभभाई पटेल. दिल्लीचे बॅरिस्टर असफअली. सायमन कमिशनविरोधी निदर्शनांत लखनौला लाठ्या खाऊन कायमचे अधू झालेले गोविंदवल्लभ पंत. दम्याने बेजार असूनही बौद्ध तत्त्वज्ञानात बुडालेले आचार्य नरेंद्र देव. आचार्य कृपलानी, पट्टाभि सीतारामय्या, बंगालचे प्रफुल्लचंद्र घोष, ओडिशाचे हरेकृष्ण महताब, बिहारचे डॉ. सय्यद महमूद आणि आपले शंकरराव देव.

पहिले काही आठवडे वर्तमानपत्र नाही, पत्र नाही, कोणाला कुठे ठेवले आहे हे बाहेर कळू द्यायचे नाही, असा कडेकोट बंदोबस्त होता. आझादांनी तुरुंगाधिकाऱ्याचे नाव ठेवले चीताखान. चांदबिबीच्या काळात याच किल्ल्यात वावरलेल्या एका हबशाचे ते नाव. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला असे हाताशी बोलावून घेणारा मनुष्य कोंडून कसा ठेवणार, असे वाटते खरे. पण त्याच माणसाला कोंडणे किती जड गेले, ते पुढे येईलच.

या कैदेची रचना समजून घेतली पाहिजे. या लोकांवर खटला चालला नाही, आरोपपत्र आले नाही, शिक्षेची मुदत सांगितली गेली नाही. महायुद्धाच्या काळात केलेल्या भारत संरक्षण नियमांपैकी २६वा नियम सरकारला केवळ संशयावरून माणसाला स्थानबद्ध करण्याचा अधिकार देत होता. मुंबईतल्या केशव तळपदे यांच्या स्थानबद्धतेचा वाद फेडरल कोर्टापर्यंत गेला आणि सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांनी २२ एप्रिल १९४३ रोजी तो नियमच बेकायदा ठरवला. देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला, म्हणजे दारे उघडायला हवी होती. सरकारने आठवडाभरात वटहुकूम काढला, नियमातली चूक मागल्या तारखेपासून दुरुस्त करून घेतली आणि दारे होती तशीच राहिली.

शिक्षा झालेला कैदी दिवस मोजू शकतो. स्थानबद्धाला काय मोजायचे? युद्ध कधी संपेल ते ठाऊक नाही, सरकारचे मन कधी बदलेल ते ठाऊक नाही. अशा वेळी प्रत्येक जण वेळेशी आपापल्या परीने झुंजतो. नेहरूंनी कुदळ घेतली. किल्ल्यातली जमीन जुन्या इमारतींच्या ढिगाऱ्यांनी भरलेली. ती खणून त्यांनी वाफे तयार केले. मग लेखणी घेतली आणि एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हातावेगळे केले. पुस्तक अर्पण केले ते किल्ल्यातल्या सहबंदींना. नरेंद्र देव वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’चे हिंदी भाषांतर करीत बसले. महताबांनी ओडिशाचा इतिहास लिहायला घेतला, पट्टाभींनी रोजनिशी ठेवली. आझाद भल्या पहाटे उठून स्वतःच्या हाताने चहा करीत आणि हबीबुर्रहमान खान शेरवानी या आपल्या मित्राला पत्रे लिहीत. ही पत्रे टाकता येणार नाहीत हे माहीत असून लिहिलेली. १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ती पुस्तकरूपात आली. उर्दू गद्याचे ते एक शिखर मानले जाते. त्यात जाईच्या सुवासाच्या चिनी चहाबद्दल पानेच्या पाने आहेत, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांशी झालेल्या लढाईची आणि नंतरच्या दोस्तीची हकीकत आहे. एका चिमणीचे नाव त्यांनी मोती ठेवले होते.

आणि त्याच पुस्तकात ११ एप्रिल १९४३चे एक पत्र आहे. ते मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा पुढचे पान लगेच उलटवत नाही.

आझादांच्या पत्नी जुलेखा बेगम बरीच वर्षे अशक्त होत्या. आझाद आधीच्या तुरुंगवासात असताना त्यांची प्रकृती ढासळली, पण नवऱ्याला काळजी नको म्हणून ते त्याच्यापासून लपवून ठेवले गेले. हवापालटासाठी रांचीला जाऊन त्या कलकत्त्याला परतल्या, तेव्हा आझादांची मुंबईला निघण्याची तयारी चालली होती. ३ ऑगस्ट १९४२. त्या दारापर्यंत सोडायला आल्या आणि ‘खुदा हाफिज’ एवढेच म्हणाल्या. डोळे कोरडे होते, पण चेहरा रडत होता, असे आझादांना जाणवले. असे निरोप पूर्वी कितीतरी झाले होते. बेगमना इतके हललेले आझादांनी कधी पाहिले नव्हते. ही शेवटची भेट आहे हे जणू त्यांना आधीच कळले होते, असे आझादांना नंतर वाटत राहिले.

मार्च १९४३ मध्ये पत्नी गंभीर आजारी असल्याची बातमी किल्ल्यात आली. तुरुंगाधिकाऱ्याने स्वतःहून सांगितले, की सरकारला काही कळवायचे असेल तर मी ताबडतोब पाठवतो. आझादांनी उत्तर दिले की मला सरकारकडे काही मागायचे नाही. मग त्याने नेहरूंकडे विषय काढला. नेहरू संध्याकाळी आझादांच्या खोलीत येऊन बराच वेळ बोलले. त्यांनाही तेच उत्तर मिळाले.

यानंतरचे जे आझादांनी लिहिले आहे, त्याने मी चकित होतो. एखादा दुसरा नेता आपल्या निग्रहाचे वर्णन करून थांबला असता. आझाद आपला निग्रह आतून उकलून दाखवतात. आपल्या दिनक्रमात तसूभर फरक पडू द्यायचा नाही, असे त्यांनी ठरवले होते. जेवणाच्या वेळी जेवणाच्या खोलीत जायचे, चार घास खायचे, बोलायचे, हसायचे. घास घशाखाली उतरत नसे. रोज वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्या अधिकाऱ्याची पावले वाजली की छाती धडधडायची, पण ते मुद्दाम दाराकडे पाठ करून लिहीत बसायचे, घाई नसल्यासारखे. हे सारे नाटक होते, ते लिहितात. आपण डगमगलो असे कोणाला दिसू नये यासाठी चाललेले, आणि त्यात अहंकाराचाही भाग होता. शरीराने मात्र ते नाटक मानले नाही. ते खंगत गेले.

९ एप्रिलला दुपारी दोनच्या सुमारास तार आली. ३६ वर्षांचा संसार संपला होता. त्यांच्या खोलीसमोरच्या आवारात एक जुनी, निनावी कबर होती. त्या दिवसांत ती पाहताना त्यांना काय वाटले, हे त्यांनी पत्राच्या शेवटी एका प्राचीन अरबी विलापिकेच्या आधाराने सांगितले आहे; स्वतःच्या शब्दांत सांगणे त्यांना जमले नसावे. त्यानंतर काही महिन्यांतच भोपाळला त्यांची बहीण आब्रू बेगम गेली.

अर्ज का केला नाही? चार ओळींनी काय बिघडले असते? आजच्या वाचकाला हा प्रश्न पडतो आणि पडायलाच हवा. माझ्या मते याची दोन कारणे आहेत आणि त्यांतले दुसरे अधिक महत्त्वाचे. पहिले असे, की ही कैद अन्यायाची आहे ही त्यांची भूमिका होती. सवलत मागणे म्हणजे ती देण्याचा अधिकार समोरच्याला आहे हे मान्य करणे. दुसरे असे, की त्या वेळी देशभरात ६० हजारांहून अधिक माणसे पकडली गेली होती. त्यांतल्या कोणाची आई आजारी होती, कोणाचे मूल. सातारा, खानदेश किंवा बिहारमधल्या एखाद्या तुरुंगातल्या कार्यकर्त्याला कोणी अधिकारी येऊन विचारत नव्हता, की तुमचा निरोप पाठवू का. काँग्रेसचा अध्यक्ष स्वतःसाठी दार उघडून घेतो आणि त्याच्या शब्दावर आत गेलेले तसेच आत राहतात, हे आझादांना सहन झाले नसते. सरकारनेही त्या कागदाचा पुरेपूर वापर केला असता.

हा प्रसंग एकटा नव्हता. वल्लभभाईंचे थोरले बंधू विठ्ठलभाई पटेल, मध्यवर्ती विधिमंडळाचे पहिले भारतीय अध्यक्ष, २२ ऑक्टोबर १९३३ रोजी जिनिव्हाजवळ वारले. पार्थिव मुंबईला यायचे होते. वल्लभभाई तेव्हा नाशिकच्या तुरुंगात. अंत्यसंस्कारासाठी सोडतो, पण भाषण करायचे नाही, ठरल्या वेळी परत स्वाधीन व्हायचे, अशा अटी सरकारने पुढे ठेवल्या. त्यांनी नाकारल्या. विठ्ठलभाईंच्या चितेला हजारो लोक होते, सख्खा भाऊ नव्हता.

नेहरूंच्या बाबतीत तर नकार आजारी माणसानेच दिला. १९३४ मध्ये कमला नेहरूंचा क्षय बळावला. ऑगस्टमध्ये नेहरूंना त्यांच्याजवळ सोडले गेले आणि अकरा दिवसांनी पुन्हा पकडून नैनी तुरुंगात ठेवले गेले. मग मध्यस्थांकरवी सुचवण्यात आले, की उरलेल्या मुदतीत राजकारणापासून दूर राहण्याचे नुसते तोंडी, खासगी आश्वासन दिले तरी सुटका होईल. हा मोह साधा नव्हता, हे नेहरूंनी आत्मचरित्रात कबूल केले आहे. ऑक्टोबरमध्ये त्यांना थोड्या वेळासाठी भेटीला नेले, तेव्हा कमला तापाने ग्लानीत होत्या. निघताना त्यांनी नवऱ्याला खूण करून खाली वाकायला सांगितले आणि कानात कुजबुजल्या: सरकारला आश्वासन देणार असे काहीतरी कानावर आले आहे, ते देऊ नका. पुढल्या वर्षी त्यांना उपचारांसाठी युरोपात नेले. प्रकृती आणखी खालावली तेव्हा सप्टेंबर १९३५ मध्ये नेहरूंना सोडण्यात आले. कमला २८ फेब्रुवारी १९३६ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानला गेल्या. अस्थी घेऊन विमानाने परतताना नेहरूंनी बगदादहून लंडनच्या प्रकाशकांना तार केली. छापायला गेलेल्या आत्मचरित्राची अर्पणपत्रिका तीत होती.

या हकिकतीत मला सर्वांत मोठे वाटते ते कमलांचे वाक्य. इतिहास त्याग नेत्याच्या खात्यावर मांडतो. पण नवऱ्याच्या सहवासावर जिचा हक्क होता, तिने तो आपण होऊन सोडला. जुलेखा बेगमना तर कोणी विचारलेही नाही. अर्ज न करण्याचा निर्णय आझादांचा होता, आणि त्याची किंमत कलकत्त्यातल्या त्या खोलीत दोन माणसांनी नव्हे, एका बाईने एकटीने मोजली. आझादांनाही हे कळत होते. ते पत्र वाचताना जाणवते की दाराकडे फिरवलेल्या त्या पाठीत दुःखाबरोबर अपराधीपणही आहे. मी त्यांचा निर्णय चुकीचा म्हणणार नाही. पण बरोबर होता, असे सहज म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही.

बाराजणांपैकी एकाने मात्र कागद लिहिला. डॉ. सय्यद महमूद यांनी सोबत्यांना न सांगता व्हाइसरॉयला पत्र पाठवले आणि १९४४च्या ऑक्टोबरात त्यांची सुटका झाली. इतरांना धक्का बसला. पत्र पुढे प्रसिद्ध झाले आणि त्यांना ते फार महागात पडले. माझ्या मनात त्यांच्याबद्दल अनादर नाही. दोन वर्षे मुदतीविना आत राहिल्यावर माणूस असे करतो, यात नवल कसले? उलट त्यांच्यामुळेच पक्के कळते की दार खरोखर उघडत होते, आणि इतर अकरा जण त्याच दारासमोर रोज उठून बसत होते.

किल्ल्याबाहेर त्यांची घरे उधळली होती. असफअलींच्या पत्नी अरुणा यांनी ९ ऑगस्टला, सगळे नेते पकडले गेले असताना, गवालिया टँकवर तिरंगा फडकावला आणि त्या भूमिगत झाल्या. त्यांना पकडून देणाऱ्याला ५,००० रुपयांचे इनाम लागले. कृपलानींच्या पत्नी सुचेताही भूमिगत. नेहरूंची मुलगी इंदिरा लग्नानंतर सहा महिन्यांत तुरुंगात गेली. नेहरूंचे मेहुणे रणजित पंडित मूळच्या कोकणातल्या घराण्यातले. संस्कृतचे जाणकार, ‘राजतरंगिणी’चे इंग्रजी भाषांतरकार. तुरुंगात प्रकृती खालावल्यावर त्यांना सोडले, पण जानेवारी १९४४ मध्ये ते वारले. बहिणीचे कुंकू पुसले गेले तेव्हा नेहरू किल्ल्यात होते. ऑगस्टमध्ये मुंबईत पहिला नातू जन्मला, तेव्हाही.

आणि पुण्यात आगाखान पॅलेस. महादेवभाई देसाई पंचवीस वर्षे गांधीजींचे सचिव, लेखणी, स्मरणशक्ती, सगळे काही होते. अटकेनंतर सहाव्या दिवशी त्यांचे हृदय थांबले. वय ५०. तारीख १५ ऑगस्ट १९४२. पाच वर्षांनी त्याच तारखेला जे झाले, ते पाहायला ते नव्हते. गांधीजींनी स्वतःच्या हाताने त्यांना अंघोळ घातली. पत्नी दुर्गाबेन आणि मुलगा नारायण यांना अंत्यदर्शन झाले नाही. दहन पॅलेसच्या आवारातच झाले. कस्तुरबाही तिथेच होत्या. ९ ऑगस्टच्या संध्याकाळी शिवाजी पार्कच्या सभेत गांधीजींच्या जागी आपण बोलणार असे त्यांनी सांगितले आणि त्यांना पकडण्यात आले. फेब्रुवारी-मार्च १९४३ मध्ये गांधीजींनी २१ दिवसांचा उपवास केला, तेव्हा त्यांच्याकडे डोळे लावून बसलेल्या त्याच. २२ फेब्रुवारी १९४४ला, महाशिवरात्रीच्या दिवशी, त्यांनी गांधीजींच्या मांडीवर प्राण सोडला. गांधीजींनी कातलेल्या सुताच्या साडीत त्यांना निरोप दिला. महादेवभाईंच्या समाधीशेजारी त्यांची समाधी आहे. नगर रस्त्याने रोज जा-ये करणाऱ्या पुणेकरांपैकी किती जण आत वळतात, कोण जाणे. वळावे, एवढेच सांगतो.

मार्च १९४५च्या अखेरीस किल्ला रिकामा होऊ लागला. प्रत्येकाला आपापल्या प्रांतातल्या तुरुंगात हलवले. आझादांना बंगालमधल्या बांकुड्याला नेले. आत येताना त्यांचे वजन १७० पौंड होते, नगर सोडताना १३० भरले. १५ जूनला सुटकेचा हुकूम निघाला. कलकत्त्यात हावड्याला उतरले तेव्हा माणसांचा समुद्र लोटला होता. गाडीत हारांचा ढीग पडला होता. त्यांनी गाडी आधी कबरस्तानाकडे घ्यायला सांगितली, त्या ढिगातला एक हार जुलेखा बेगमच्या कबरीवर ठेवला आणि फातिहा म्हटला.

विश्रांतीला वेळ नव्हता. कार्यकारिणी मुंबईला बोलावली गेली होती, तीन वर्षांनी प्रथमच. २५ जूनला ते काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून सिमल्यात व्हाइसरॉय वेव्हेल यांच्यासमोर बसले, मुस्लिम लीगचे प्रतिनिधी समोर, हंगामी सरकारात कोणाच्या किती जागा यावर घासाघीस करत. १४ जुलैला परिषद मोडली. त्यानंतर कुठे ते प्रकृतीसाठी काश्मीरला गेले, आणि सप्टेंबरात पुढच्या निवडणुकांची आखणी करायला परत आले.